कावीळ : एक शब्द, अनेक संकेतांक

रोगांच्या वर्गीकरणाचा इतिहास सामान्यतः वैद्यकाच्या इतिहासात गणला जातो. तथापि त्याचा पुष्कळसा भाग भाषेच्या इतिहासात मोडतो. रोगाला कोणते नाव द्यावयाचे व ते कोणत्या प्रकरणात नोंदवावयाचे, हा निर्णय म्हणजे रोगाच्या कारणाविषयी केलेले एक विधानच होय. प्रस्तुत लेखात यकृत व पित्तमार्ग यांच्या जन्मजात विकृतींच्या संकेतांकांचा विचार ‘कावीळ’ या शब्दाच्या अनुषंगाने करावयाचा आहे. उदाहरणादाखल हिंगोली जिल्हा घेतला आहे. हा प्रदेश १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, नंतर द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून तो स्वतंत्र जिल्हा झाला. निजामी राजवटीची राजभाषा उर्दू असल्याने संस्कृतोद्भव ‘कावीळ’ आणि युनानी वैद्यकातील ‘यरकान’ या दोन्ही शब्दांच्या परंपरा येथे एकत्र आल्या.

‘कावीळ’ हा शब्द संस्कृत ‘कामला’शी संबद्ध आहे. ग्राम-गाव, नाम-नाव या जोड्यांत दिसणारा म-काराचा व-कार येथेही आढळतो. मात्र शब्दाबरोबर त्याचा सगळा अर्थ उतरत आला नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पांडुरोगाच्या अध्यायात कामलेचे दोन प्रकार वेगळे केले आहेत. त्यांपैकी शाखाश्रित कामलेत पित्ताचा मार्ग अडतो व रुग्णाचा मल तिळाच्या पिठासारखा होतो, असे लक्षण तेथे दिले आहे. पित्त आतड्यात न उतरल्यास मलाचा रंग जातो, हे निरीक्षण आजच्या वैद्यकासही मान्य आहे. मराठी बोलीत मात्र डोळे व कातडी पिवळी पडणे एवढाच अर्थ उरला. कावीळ झालेल्यास जग पिवळे दिसते ही म्हण आणि ‘कावीळ उतरवणे’ हा वाक्प्रयोग, दोन्हींत लक्ष पिवळेपणावरच आहे.

आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा प्रवास याच्या उलट दिशेने झाला. १८९३ साली झाक बर्तियों यांनी शिकागो येथे मृत्यूच्या कारणांची यादी मांडली. १९४८ च्या सहाव्या आवृत्तीपासून हे काम जागतिक आरोग्य संघटनेकडे आले आणि यादीत मृत्यूंच्या कारणांबरोबर आजारांचाही समावेश झाला. १९७५ च्या नवव्या आवृत्तीत पित्ताशय, पित्तनलिका व यकृत यांच्या सर्व जन्मजात विकृतींना ७५१.६ हा एकच संकेतांक होता. १९९० मध्ये संमत झालेल्या दहाव्या आवृत्तीत त्याचे क्यू ४४.० ते क्यू ४४.७ असे आठ भाग झाले. त्यांत पित्तनलिका बंद असणे, म्हणजे बिलिअरी अट्रेसिया, यास क्यू ४४.२, पित्तनलिकेच्या गाठीस क्यू ४४.४, यकृताच्या पुटीमय विकारास क्यू ४४.६ अशी स्वतंत्र जागा मिळाली. आता मराठीतील एका ‘कावीळ’ शब्दाकडे पाहावे. विषाणुजन्य कावीळ ‘बी’ प्रकरणात, नवजाताची नेहमीची कावीळ ‘पी’ प्रकरणात, कारण न कळलेली कावीळ आर १७ येथे आणि पित्तमार्ग बंद असल्याने झालेली कावीळ ‘क्यू’ प्रकरणात जाते. एका शब्दाची चार प्रकरणांत वाटणी झाली.

ही वाटणी निव्वळ कागदी नाही. जपानमधील सेंदाई येथील शल्यविशारद मोरिओ कासाई यांनी १९५९ मध्ये बंद पित्तमार्गावरील शस्त्रक्रियेचे वर्णन प्रसिद्ध केले. बालक सुमारे ६० दिवसांचे होण्यापूर्वी ती झाल्यास पित्त वाहू लागण्याची आशा अधिक असते; उशीर झाल्यास यकृत कठीण होत जाते व पुढे यकृतारोपणावाचून मार्ग उरत नाही.

जन्मजात व जन्मोत्तर यांमधील सीमारेषा चुकीच्या जागी कल्पिली जाण्याचे उलट उदाहरणही महाराष्ट्रातच सापडते. लहान मुलांच्या यकृताचा एक घातक विकार १८८७ मध्ये सेन यांनी कलकत्त्याहून नोंदविला. पुढे तो ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस’ या नावाने ओळखला गेला. एकाच घरातील भावंडांना तो होत असल्यामुळे तो आनुवंशिक असावा असा तर्क दीर्घकाळ चालला. १९८३ मध्ये पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील शीला भावे, आनंद पंडित आणि ब्रिटिश सहकारी टॅनर यांच्या गटाने लक्ष वेधले ते पितळी भांड्यांकडे. कल्हई नसलेल्या भांड्यात तापविलेल्या व ठेवलेल्या जनावराच्या दुधातून तांबे तान्ह्या मुलांच्या पोटात जात होते. भांडी बदलण्याच्या सल्ल्याचा परिणाम पुणे जिल्ह्यात दिसून आला, आणि पितळेची जागा स्टीलने घेतल्यावर हा विकार जवळजवळ नाहीसा झाला. भावंडांत समान होते ते घरातले भांडेही, हे ध्यानी येण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली.

हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत व औंढा नागनाथ या पाच तालुक्यांतील नवजाताच्या बाबतीत प्रश्न पहिल्या प्रकारचा आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे झाला. त्याच्या मूळ यादीत ३० विकार असून त्यांपैकी नऊ जन्मजात दोषांत दुभंगलेला ओठ, वाकडे पाऊल, हृदयविकार इत्यादींचा समावेश आहे; पित्तमार्गाचा नाही. या कार्यक्रमाचे फिरते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते. ६० दिवसांची मुदत त्या फेरीसाठी थांबत नाही. आशा कार्यकर्तीच्या गृहभेटी मात्र बेचाळिसाव्या दिवसापर्यंत चालतात, म्हणजे मुदतीच्या आतच. त्या भेटीत आईने ‘थोडी कावीळ आहे’ म्हटले व ‘कोवळे ऊन दाखवा’ एवढेच उत्तर मिळाले, तर क्यू ४४.२ हा संकेतांक लिहिण्याची वेळ फार उशिरा येते. दोन आठवड्यांनंतरही कावीळ टिकली किंवा शी फिकट, पांढुरकी झाली, तर बालकास विनाविलंब रुग्णालयात तपासून घेणे अवश्य आहे.

तैवानने २००४ पासून बालकाच्या आरोग्यपुस्तिकेत शीच्या रंगांची चित्रपत्रिका देशभर दिली, आणि ६० दिवसांच्या आत शस्त्रक्रिया होणाऱ्या बालकांचे प्रमाण तेथे वाढले. चरकाने तिळाच्या पिठाची उपमा देऊन जे सांगितले, तेच ही पत्रिका रंगाने सांगते. आपल्याकडे अशी पत्रिका करावयाची झाल्यास रंगांच्या जोडीला शब्दही लागतील. मराठवाड्यातील आया तान्ह्याच्या शीच्या फिकट छटांना कोणकोणते शब्द वापरतात, याचा तालुकावार संग्रह हे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हाती घेण्याजोगे काम आहे. रुग्णालयात संकेतांक लिहिला जाण्यापूर्वी घरात आईने एक शब्द उच्चारलेला असतो. तो ऐकणाऱ्याच्या कानी ओळखीचा असला पाहिजे.