फाटकावरच्या खोलीची कुळकथा

नंदुरबार जिल्ह्यातून जाणाऱ्या उधना-जळगाव लोहमार्गावर रस्ता आणि रूळ एकाच पातळीवर छेदतात तेथील गेटमनच्या खोलीला लोक फाटकावरची खोली म्हणत असले, तरी रेल्वेच्या दप्तरी तिची नोंद ‘गेट लॉज’ अशी होते, आणि हे नाव विलायतेतील जमीनदारांच्या उपवनांच्या वेशीवरून आलेले आहे.

इंग्लंडमध्ये सरदाराची हवेली विस्तीर्ण राखीव उपवनाच्या आत असल्यामुळे घराचे दार आणि इस्टेटीचे दार यांत बरेच अंतर पडे, म्हणून घंटा ऐकताच लोखंडी दार उघडणारा माणूस कुटुंबासह वेशीवरच वसवावा लागे. अठराव्या शतकात दाराच्या दोन्ही अंगांना दोन सारख्या खोल्या बांधण्याची रीत होती. ती डौलदार दिसे खरी, पण चूल एका खोलीत आणि अंथरूण दुसऱ्या खोलीत, अशी राहणाऱ्यांची फरपट होई. पुढे, विशेषतः व्हिक्टोरिया राणीच्या काळात, ही जोडी मोडून एकच बैठे घर रूढ झाले. त्याला उभ्या उताराचे छप्पर, छपराच्या कडेला कातीव लाकडी झालर, उंच धुराडे आणि येणारी गाडी लांबून दिसावी म्हणून भिंतीबाहेर काढलेली खिडकी असे. पी. एफ. रॉबिन्सन यांनी १८३३ मध्ये केवळ अशा घरांच्या आणि प्रवेशद्वारांच्या नमुन्यांचे पुस्तक काढले, यावरून या हौसेची कल्पना येते.

रेल्वेने ही वास्तू उचलली ती आधी हौसेपोटी आणि मग कायद्यापोटी. बेडफर्डच्या ड्यूकच्या इस्टेटीजवळून १८४६ मध्ये सुरू झालेल्या मार्गावरील काही स्थानके त्याच्या आग्रहाखातर इस्टेटीवरील घरांच्या धाटणीने बांधली गेली. १८६३ च्या ब्रिटिश कायद्याने तर रस्ता आणि रूळ एकाच पातळीवर छेदतात तेथे स्थानक किंवा लॉज बांधणे कंपन्यांवर बंधनकारक केले. भारतात १८९० च्या रेल्वे कायद्याने फाटके उभारण्याचा आणि ती उघडण्या-मिटण्यासाठी माणसे नेमण्याचा आदेश कंपन्यांना देण्याचा अधिकार सरकारला दिला. त्यानंतर दहा वर्षांनी, १९०० मध्ये, तापी व्हॅली रेल्वे सुरतेहून नवापूर, नंदुरबारमार्गे अमळनेरला पोहोचली.

या प्रवासात झालर आणि धुराडे गळाले, वेशीवरची वस्ती आणि दोन्हीकडची नजर तेवढी टिकली. मराठी वाड्याच्या देवडीशी या खोलीचे नाते जोडण्याचा मोह होतो, परंतु देवडी म्हणजे दरवाजाच्या आत पहारेकऱ्यांनी बसण्याची जागा, संसाराचे घर नव्हे. शिवाय इस्टेटीचे दार मालकासाठी उघडे, तर येथे फाटक गाडीसाठी मिटते, आणि बैलगाडीवाल्याइतकेच मामलेदारालाही थांबावे लागते. खोलीची जागाही आता मालकाच्या अभिरुचीवर नव्हे, नियमपुस्तिकेवर ठरते: ब्रॉडगेज रुळाच्या मध्यरेषेपासून किमान ६ मीटर आणि डांबरी रस्त्याच्या कडेपासूनही तितकीच दूर. जेथे फाटकाऐवजी उड्डाणपूल किंवा भुयारी रस्ता होतो, तेथे या खोलीचे प्रयोजनच उरत नाही.