नट सैल का होतो?

कॉलेजात असताना माझी सगळ्यात मोठी फजिती एका वॉशरमुळे झाली. म्हणजे अगदी चणे-फुटाण्याच्या किमतीचा वॉशर!

मेकॅनिकलला असताना आमच्या टीमने बाहा एसएईसाठी बग्गी बनवली होती (पुढे जवळपास सगळेच आयटीत गेलो, ते सोडा :-) ). पोरांनी स्वतः बनवलेल्या एका सीटच्या गाड्या खाचखळग्यांतून पळवायची ही स्पर्धा भारतात २००७ पासून होते. आम्ही पीथमपूरला गेलो होतो. तपासणीला आलेले सर खाली वाकले आणि टाय रॉडच्या नटावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, हा सुटू नये म्हणून काय केलंय? मी ऐटीत म्हटलं, "सर, स्प्रिंग वॉशर!" ते हसले आणि त्यांनी कागदावर फुली मारली. स्टिअरिंग, सस्पेन्शन, ब्रेक इथल्या नटांना स्प्रिंग वॉशर चालत नाही, लॉकटाइटसुद्धा चालत नाही, नियमातच तसं लिहिलेलं होतं. नायलॉक लावा, स्प्लिट पिन घाला किंवा तारेने बांधा.

भयंकर राग आला. पुस्तकात लॉकिंग डिव्हाइसेसच्या चित्रांत स्प्रिंग वॉशर छान मानाने बसलेला असतो की! मग तो चालत का नाही? उत्तर शोधता शोधता जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास हाती लागला.

सुरुवात मोटारीच्या बालपणापासून. १९०८ साली आलेल्या फोर्ड मॉडेल टी मध्ये जागोजागी कॅसल नट दिसतो. किल्ल्याच्या बुरुजासारख्या खाचा पाडलेला नट, बोल्टला आरपार भोक, त्यात स्प्लिट पिन घालायची आणि तिचे पाय वाकवायचे. संपलं. त्या काळच्या इंजिनिअरांनी नट का सुटतो याच्या खोलात न जाता सुटला तरी पडणार नाही एवढी सोय केली. आजही कित्येक गाड्यांच्या बॉल जॉइंटवर हीच जोडी असते.

पण प्रत्येक बोल्टला भोक पाडणं म्हणजे कटकट. विमानात तर हजारो नट! मग नटाच्या डोक्यात चिवट फायबरची कडी बसवली गेली. बोल्टचे आटे त्या कडीतून वाट काढत जातात आणि कडी त्यांना घट्ट धरून ठेवते. १९३० च्या दशकात अमेरिकेत इलॅस्टिक स्टॉप नट कंपनी निघाली, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांत हे नट सर्रास वापरले गेले. पुढे फायबरच्या जागी नायलॉन आलं आणि आपला नायलॉक तयार झाला.

१९५३ मध्ये कनेटिकटमधल्या ट्रिनिटी कॉलेजचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी तिसरा मार्ग काढला. हवा लागत असेपर्यंत पातळ राहणारा आणि आट्यांच्या फटीत हवा तुटली की घट्ट होणारा द्रव. तेच लॉकटाइट.

गंमत बघा, उपाय तीन झाले तरी नट नेमका सुटतो कशामुळे, हे नीट कळायचंच होतं!

बोल्ट म्हणजे खरं तर एक ताठ स्प्रिंग. आपण पाना फिरवतो तेव्हा बोल्ट किंचित ताणला जातो आणि तो ताणच दोन भागांना आवळून धरतो. ८.८ ग्रेडचा १० मिमीचा बोल्ट व्यवस्थित आवळला तर हा ताण साधारण अडीच टनांचा असतो. आपण लावलेल्या जोरातला ढोबळमानाने दहावा हिस्साच बोल्ट ताणायला जातो, बाकीचा सगळा घर्षण खातं. आणि त्या घर्षणामुळेच नट जागेवर राहतो. आटे म्हणजे बोल्टभोवती गुंडाळलेला घाटरस्ता. घर्षण हा हँडब्रेक. हँडब्रेक सुटला की गाडी उताराला लागणारच.

१९४५ मध्ये गुडियर आणि स्वीनी यांनी बोल्टला त्याच्या लांबीच्या दिशेने ओढून-सोडून पाहिलं. नट थोडासा फिरला, पण पूर्ण सुटला नाही. १९६९ मध्ये जर्मन इंजिनिअर गेरहार्ड युंकरने धक्के आडवे दिले आणि चित्रच पालटलं. जोडलेले भाग आडवे सरकायला लागले की नट स्वतःहून फिरत फिरत मोकळा होतो. जड कपाट जागचं हलत नाही, पण एकदा सरकायला लागलं की हलक्या हातानेही वळतं, तसंच हे. एका दिशेची घसरण चालू झाली की दुसऱ्या दिशेचं घर्षणही जवळपास संपतं. आणि टाय रॉड, कंट्रोल आर्म यांना रस्त्यावर प्रत्येक खड्ड्यात आडवेच धक्के बसतात!

युंकरच्या पद्धतीच्या यंत्रावर स्प्रिंग वॉशर सपशेल नापास होतो. नट पूर्ण आवळेपर्यंत तो चपटा होऊन जातो; मग त्याच्यात आणि साध्या वॉशरमध्ये फरक काय उरला? नासाच्या १९९० च्या फास्टनर मॅन्युअलनेही तो लॉकिंगसाठी निरुपयोगी ठरवला. जर्मनीने त्याचं डीआयएन १२७ हे मानक २००३ मध्ये मागे घेतलं. आमच्या पुस्तकाला मात्र कोणी कळवलं नाही बहुतेक :-)

हे सगळं कॉलेजपुरतंच असतं असं समजू नका. मार्च २०१८ मध्ये फोर्डने उत्तर अमेरिकेत १३ लाख ८० हजारांच्या आसपास फ्यूजन आणि लिंकन एमकेझेड गाड्या परत बोलावल्या. कारण? स्टिअरिंग व्हीलचा बोल्ट ढिला होऊन चाक हातात येण्याचा धोका. दोन अपघातांची नोंद कंपनीकडे होती. उपाय म्हणून लांब, जास्त आटे पकडणारा आणि मोठा नायलॉन पॅच असलेला बोल्ट लावला गेला.

तर मग लावायचं काय? पहिलं म्हणजे योग्य टॉर्क. जोडणी सरकलीच नाही तर नट सुटायचा प्रश्नच नाही. बाकी लॉकिंग म्हणजे दुसरी फळी. नायलॉक असेल तर बोल्टचे दोनेक आटे नटाबाहेर दिसायला हवेत, आणि एकदा काढलेला नट परत लावायचा नाही. १२० अंशांच्या पुढे नायलॉन टिकत नाही, म्हणून ब्रेक डिस्कजवळ पूर्ण धातूचा लॉकनट. कॅसल नटाची खाच भोकासमोर येत नसेल तर नट पुढच्या खाचेपर्यंत आवळायचा. पिन बसावी म्हणून सैल कधीच करायचा नाही. आणि जागा असेल तिथे बोल्टचं डोकं वर ठेवायचं. नट पडला तरी बोल्ट आपल्या वजनाने जागेवर राहतो.

त्या रात्री पीथमपूरला टॉर्चच्या उजेडात आम्ही सगळे नट बदलले. दुसऱ्या दिवशी गाडी पास झाली. आमचा ड्रायव्हर, म्हणजे माझा रूममेट, बेल्ट आवळून आत बसला आणि मला म्हणाला, "काय रे, सगळं टाइट आहे ना?"

आदल्या दिवशी त्याने विचारलं असतं तर मी तितक्याच ऐटीत "हो" म्हटलं असतं. ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

असो. तुमची गाडी सर्व्हिसिंगहून आली आणि खालून कुठे नवीन खडखड ऐकू आली, तर गाण्याचा आवाज वाढवू नका. तशीच परत घेऊन जा.