रात्री वरून कोण गेलं?

परवाच्या रविवारी चांदबीबी महालावर गेलो होतो. (खरं तर ती सलाबतखानाची कबर, पण नगरात तसं विचारलंत तर कुणी रस्ता सांगणार नाही!) वरच्या कठड्यावर एक निळसर-करडा पक्षी ऐटीत बसला होता. ब्लू रॉक थ्रश, आपला निळा कस्तूर. हिवाळ्याचा पाहुणा. उन्हाळा हिमालयाच्या बाजूला काढायचा आणि थंडीच्या तोंडावर आपल्या दख्खनच्या कड्यांवर येऊन बसायचं, असा याचा दरवर्षीचा शिरस्ता. आदल्या रविवारी मी तिथेच होतो, तेव्हा हा नव्हता. मग आला कधी?

उत्तर असं की रात्री. कस्तूर आणि असे बरेच छोटे पक्षी लांबचा प्रवास रात्रीच करतात. हवा थंड आणि शांत असते, ससाण्यांची भीती कमी, दिशेला तारे असतात, आणि दिवस खाण्यापिण्याला मोकळा राहतो. आपल्या भाषेत सांगायचं तर सगळे मोठे जॉब रात्री शेड्यूल केलेले! आपण झोपलेलो असताना डोक्यावरून वाहतूक चालू असते, आणि सकाळी आपल्याला फक्त रिझल्ट दिसतो.

मग या वाहतुकीची नोंद नगर जिल्ह्यात कुणी कधी ठेवली का, हे शोधायला बसलो आणि अख्खा वीकेंड त्यात गेला. हाती लागले ते एक पाद्री! रेव्हरंड सॅम्युएल फेअरबँक. अमेरिकन मराठी मिशनचे. 1846 मध्ये हिंदुस्थानात आले आणि नेवासा तालुक्यातल्या वडाळ्याला बरीच वर्षं राहिले. धर्मप्रचार हे काम, पण जीव पक्ष्यांत आणि गोगलगायींत अडकलेला. 1876 मध्ये त्यांनी खंडाळा, महाबळेश्वर, बेळगाव आणि अहमदनगरजवळ गोळा केलेल्या पक्ष्यांची यादी छापली. म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या पक्ष्यांची छापील नोंद जवळपास दीडशे वर्षं जुनी आहे. दक्षिणेत पळणीच्या डोंगरात त्यांना मिळालेल्या एका लाफिंगथ्रशला ब्लॅनफर्ड या शास्त्रज्ञाने 1869 मध्ये त्यांचंच नाव दिलं, फेअरबँकी. आमच्या वडाळ्याच्या पाद्रीबाबांचं नाव आजही केरळ-तामिळनाडूच्या डोंगरात शीळ घालतंय. भारीच ना!

त्यांची यादी ज्या नियतकालिकात आली ते 'स्ट्रे फेदर्स'. काढणारे ॲलन ह्यूम, म्हणजे 1885 च्या काँग्रेसवाले तेच. ह्यूमसाहेबांनी देशभरातून नोंदी आणि नमुने जमवले, आणि 1880 च्या दशकात सिमल्याच्या घरातून त्यांची हस्तलिखितं नोकराने रद्दीत विकली. बॅकअप नव्हता. पुढे त्यांनी पक्षीशास्त्रच सोडून दिलं. (हे वाचून मी त्याच रात्री हार्ड डिस्क कॉपी केली!)

पण या सगळ्या पद्धतीत एक मोठी अडचण होती. 'गोळा केलेला पक्षी' म्हणजे बंदुकीने पाडलेला पक्षी. पक्षी इथे होता एवढं त्यातून कळतं, तो कुठे निघाला होता ते कळत नाही. ती त्रुटी कड्यांनी भरून काढली. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने 1927 पासून पक्ष्यांच्या पायात कडी घालायला सुरुवात केली आणि 1959 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने हे काम मोठ्या प्रमाणावर केलं. कडीमुळे दोन टोकं कळतात. मधली रात्र मात्र कोरीच राहते.

ती रात्र कानांनी वाचता येते. 1896 च्या सप्टेंबरात ऑरिन लिबी नावाचा माणूस अमेरिकेत मॅडिसनजवळच्या टेकडीवर जाऊन बसला आणि एका रात्रीत वरून जाणाऱ्या पक्ष्यांच्या सुमारे 3,800 हाका त्याने मोजल्या. 1950 च्या दशकाच्या शेवटी ग्रेबर आणि कॉक्रन यांनी इलिनॉयमध्ये आकाशाकडे तोंड करून मायक्रोफोन लावला. याच कॉक्रनने 1973 मध्ये एका थ्रशला छोटा ट्रान्समीटर लावून सात रात्री गाडीने त्याचा पाठलाग केला, सुमारे 1,500 किलोमीटर! उडताना पक्षी गात नाहीत, एक बारीकशी हाक देतात, डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपणारी. कॉम्प्युटरवर तिचं चित्र काढलं, आडवा वेळ आणि उभी पट्टी, की बऱ्याच जातींची सही वेगळी दिसते.

म्हटलं, आपणही करून बघू. ऑक्टोबरात शेवगावकडे आमच्या गावी घराच्या गच्चीवर एक साधा रेकॉर्डर लावला. जायकवाडीचं पाणी तिथून फार लांब नाही. तीन रात्री रेकॉर्डिंग केलं. एका मोफत सॉफ्टवेअरने त्यातून काय काय शोधलं म्हणता? रात्रीची लाइट आल्यावर शेतातल्या मोटारी सुरू झाल्या, तर त्यांनाही पक्ष्याचं नाव देऊन मोकळं! टिटवी ओळखली, रातबगळा ओळखला. बाकीच्या बारीक रेषांपुढे मात्र प्रश्नचिन्ह.

शेवटी लॅपटॉप आजोबांपुढे ठेवला. वय 84. तरुणपणी माळ्यावर बसून रात्र रात्र पिकाची राखण केलेला माणूस. हेडफोन लावले आणि पहिली बारीक हाक वाजवली. ते माझ्याकडे बघत राहिले. आवाज वाढवला. "वाजतंय का रे?" वयाबरोबर वरच्या पट्टीचे आवाज आधी जातात, हे मी वाचलेलं होतं. समोर बघितल्यावर पोटात कालवलं.

मग पुढची फाइल लावली, खालच्या पट्टीतली, लांबून येणारी क्रॉक क्रॉक. आजोबांचा हात लगेच वर गेला.

"करकोचं. लई उंचावरनं चाललेत. यांच्यापायी हरभऱ्यात जागावं लागायचं."

एका सेकंदात! सॉफ्टवेअरने तिथे प्रश्नचिन्ह टाकलं होतं.

तेव्हा लक्षात आलं की कानाने पक्षी ओळखण्याचं शास्त्र लिबीने सुरू केलेलं नाही. आपली भाषाच ते करत आलीये. टिटवी, कोकीळ, कुकुडकोंबा ही नावं ऐकूनच ठेवलेली आहेत. पावशा तर 'पेरते व्हा' असं चक्क बोलतो. राखण करणाऱ्याला अंधारात बंदूक उपयोगाची नव्हती न कडी, त्याचा कान हेच यंत्र होतं. फेअरबँक वडाळ्यात यादी करत होते तेव्हाही शेजारच्या शेतात कुणीतरी माळ्यावर जागाच असणार. त्याची यादी कुणी छापली नाही, इतकंच.

ह्यूमचे कागद रद्दीत गेले. आमच्या घरातला दस्तऐवज रोज थोडा थोडा बहिरा होतोय. म्हणून आता दर वीकेंडला गावी जातो, रेकॉर्डर लावतो आणि सकाळी चहाबरोबर आजोबांना ऐकवतो. ते जे नाव सांगतात ते त्यांच्याच शब्दांत फाइलला देतो. आतापर्यंत फोल्डरमध्ये अकरा नावं झालीयेत. 2024 पासून जिल्हा अहिल्यानगर झाला, पण फोल्डरचं नाव मात्र मी 'नगर_रात्र' ठेवलंय, सवयीने.

तुमच्याही घरात राखण केलेलं कुणी असेल तर या हिवाळ्यात एकदा गच्चीवर घेऊन बसा. मोबाइल खिशात ठेवा. आणि विचारा, वरून कोण गेलं?