जोकरच्या हाताखालून

तुर्भ्याच्या एमआयडीसीत माझा गाळा आहे. शटर उचललं की उजव्या भिंतीला टेकून उभा असलेला पत्र्याचा जोकर दिसतो. लाल नाक, पिवळी टोपी, एक हात आडवा पसरलेला. तीन एमएमचा पत्रा, मीच कापला, १९९७ साली. पार्कात मोठ्या पाळण्याच्या फाटकाशी असा जोकर ठेवतात. ज्याचं डोकं त्याच्या हाताला लागलं तो आत. जो हाताखालून न वाकता निघून गेला त्याने परत फिरायचं. 'उंचीची पट्टी' वगैरे आमच्यात कोणी म्हणत नाही. "मिस्त्री, दोन जोकर टाका," एवढीच ऑर्डर. भिंतीला आहे तो परत आलेला माल. हात दोन इंच खाली लागला होता. चूक माझीच. टेप धरणारा पोरगा नवा होता, हे गिऱ्हाइकाला सांगून उपयोग नसतो.

त्याच सुमाराला आम्ही मुलाला घेऊन एका मोठ्या पार्कात गेलो होतो. मुलगा साडेतीन वर्षांचा. पाच फाटकं, पाच जोकर आणि पाच वेळा रडारड. शेवटी खानावळीच्या मागे, जिथे तेलाचे डबे ठेवतात तिथे, लहानांची जागा सापडली. सिमेंटचं एक बदक आणि दोन झोपाळे. मे महिना, वर सावली नाही. बदकावर बसवला तसा पोरगा चटका लागून उठला. परतताना बायको म्हणाली, "अहो, तुम्ही लोक सगळं मोठ्यांसाठी बनवता आणि लहानांना नुसता जोकर दाखवता." ती कोपरखैरण्यात बालवाडी चालवायची, त्यामुळे असल्या बाबतीत तिच्याशी वाद घालायची माझी टाप नव्हती. पण डोक्यात एक किडा शिरला. या दोन ते पाच वर्षांच्या माणसांची जागा आधी कुठे होती आणि ती कोपऱ्यात कधी गेली?

आमच्या साताऱ्याकडच्या गावी चैत्रात जत्रा भरायची. चार पेट्यांचा लाकडी पाळणा यायचा. इंजीन नाही, काही नाही. दोन गडी पेटीला लटकून पाळणा खाली ओढायचे आणि सोडून द्यायचे. त्या पाळण्याला जोकर नव्हता, कारण लहान मूल एकटं बसायचंच नाही. ते आईच्या नाहीतर आत्याच्या मांडीवर बसायचं आणि त्याचे पैसेही कोणी घेत नसे. मला वाटतं, आपल्याकडे लहान मुलाची खरी 'राइड' मांडी हीच होती. पाळणा फिरो न फिरो.

मांडीवरून उतरवून स्वतःच्या पायावर खेळायची जागा मी पहिल्यांदा पाहिली ती मुंबईत. माझे वडील, आम्ही दादा म्हणायचो, मस्जिद बंदरला माथाडी होते. सहा वर्षांचा असताना त्यांनी मला मलबार हिलवर नेलं, कमला नेहरू पार्कात. १९५२ साली केलेली बाग. तिथला म्हातारीचा बूट मुंबईच्या तीन पिढ्यांनी पाहिलाय. इंग्रजी बालगीतातली ती बुटात राहणारी म्हातारी आमच्या घरी कोणाला ठाऊक नव्हती. मला आठवतो तो आतला जिना. मी सरसर चढलो आणि दादांना वाकावं लागलं. शंभर किलोची गोणी पाठीवर घेऊन ताठ चालणारा माणूस तिथे वाकून चालत होता! वरच्या खिडकीतून मी खाली पाहिलं तेव्हा आपण कोणीतरी आहोत असं वाटलं. आज ड्रॉइंग बघताना मी आधी हेच बघतो : यात मोठ्याला कुठे वाकावं लागतंय का?

पन्नासचं दशकच तसं होतं. पुण्यात पेशवे पार्कात १९५६ साली फुलराणी धावू लागली. त्याच्या आदल्याच वर्षी तिकडे अमेरिकेत अनाहाइमला डिस्नेलँड उघडलं. त्याची एक गोष्ट आमच्या धंद्यात सांगतात. डिस्ने आपल्या मुलींना घेऊन लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात जायचे. मुली घोड्यांच्या चक्रावर आणि हे बाकड्यावर, शेंगदाणे खात. आईबाप आणि मुलं दोघांनाही मजा येईल अशी जागा का नसावी, हे त्यांना त्या बाकड्यावर सुचलं म्हणे. म्हणून तिथल्या उडत्या हत्तीत मूल आईच्या शेजारी बसतं. फिरून मांडीच, फक्त पंख लावलेली. आपल्या खोपोलीच्या इमॅजिकात २०१३ साली तसाच एक हत्ती आला, टबी नावाचा.

मात्र मांडीवरून उतरलेल्या मुलाला द्यायचं काय, याचं उत्तर पार्कवाल्यांच्या आधी आपल्याकडच्या दोन बायकांनी शोधलं होतं. हे मला बायकोने सांगितलं. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, पुढे अनुताई वाघ जोडीला आल्या, मग काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरीची महागडी साधनं परवडणार नव्हती, म्हणून त्यांनी शिंपले, खडे, बिया, पानं मुलांच्या हातात दिली. मूल शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, गुरं राखायला गेलं तर कुरणात न्यायची. माझी बायको स्वतःला याच घराण्यातली म्हणायची. "मुलाला उंच चढवायच्या आधी त्याच्या हातात काहीतरी द्या," हे तिचं वाक्य मी गाळ्यात खडूने लिहून ठेवलं होतं. पावसाळ्यात भिंत ओलावली तेव्हा पुसलं गेलं.

आता नवी मुंबईकडे येतो. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये 'मार्ग' मासिकात खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली. ते शहर वसवायला १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली. ९५ गावांची जमीन, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर. भातशेतं, मिठागरं. या जमिनीच्या मोबदल्यासाठी १९८४ च्या जानेवारीत जासईला शेतकरी उभे राहिले, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. माझा पहिला हेल्पर करावे गावचा आगरी होता. सेक्टरच्या बागेत खड्डा खणताना पहार थांबवून म्हणायचा, "इथं आमचा बांध होता." मग पुन्हा खणायला लागायचा. मी काय बोलणार?

सिडकोच्या नकाशात दर सेक्टरला लहान मुलांसाठी एक तुकडा सोडलेला असायचा, त्यावर 'टॉट लॉट' लिहिलेलं. माझ्या पोटाची सोय त्या दोन शब्दांवर झाली. मानखुर्दहून वाशीला लोकल आली त्याच वर्षी, १९९२ ला, मी गाळा घेतला. महापालिकाही त्याच वर्षीच्या १ जानेवारीची. सोसायट्या उभ्या राहत होत्या आणि प्रत्येकीला एक घसरगुंडी, दोन झोपाळे, एक सी-सॉ हवाच. चार नगांचा हा संच मी इतक्या वेळा केला की झोपेतही माप सांगेन. जीआयचा पाइप, त्यावर रेड ऑक्साइड, त्यावर ऑइल पेंटचे दोन हात. खाडीचा वारा खारा. दोन पावसाळ्यांत जोडाशी गंज फुटायचा. वेल्डिंगवर ग्राइंडर नीट फिरवला नाही तर पोरांच्या चड्ड्या फाटायच्या, आणि आया तक्रार घेऊन थेट गाळ्यावर. साखळीत बोट चेंगरतं म्हणून मी साखळीवर पाण्याच्या नळीचे तुकडे ओवायला लागलो. पुस्तकात वाचून नाही, एका आजीने सांगितलं म्हणून.

गाळ्याच्या आधी, हेल्पर असताना, ग्रिल लावायला बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये गेलो होतो. कोरियांनी सिडकोसाठी केलेली वसाहत. सात घरं एका चौकाभोवती, चौक आठ मीटर बाय आठ मीटर. असे तीन चौक मिळून आणखी एक मोठा चौक, बारा बाय बारा. तिथे खेळणं एकही नव्हतं. एक म्हातारी तांदूळ निवडत बसलेली, समोर दोन पोरं पायरीवरून उतरायची, पुन्हा चढायची, पुन्हा उतरायची. अर्धा तास तेच. मी धंद्याची नजर ठेवून विचारलं, "आजी, इथे एखादा झोपाळा हवा होता, नाही?" तिने सुपातून मान वर केली नाही. "कशाला? मला दिसतायत की," म्हणाली. तेव्हा मला वाटलं, म्हातारीला ऐकू कमी येतं. तिने नेमकं माझ्याच प्रश्नाचं उत्तर दिलं होतं हे कळायला मला पंधरा वर्षं लागली. आठ मीटरमध्ये मूल नजरेबाहेर जात नाही. दोन वर्षांच्या मुलालाही मान वळवली की आपलं माणूस दिसतं, म्हणून ते पुढे सरकतं. बाकडं लांब टाकलं की खेळणं ओस पडतं.

एक प्रसंग मात्र लिहायलाच हवा. एका सोसायटीत मी घसरगुंडीच्या वरच्या माचीला कठडा केला होता, गजांमध्ये पाच इंचांची फट. दिसायला छान. रविवारी दुपारी निरोप आला. तीन वर्षांची मुलगी पाय आधी घालून कठड्यातून खाली सरकली होती. अंग गेलं, डोकं अडकलं. मी हेक्सॉ घेऊन धावत पोचलो तोवर तिच्या आजीने कानांना खोबरेल चोळून तिला वर काढलं होतं. पोरगी बिस्किट खात होती. मी मात्र पायरीवर बसलो, हात थरथरत होते. लहान मुलाचं डोकं त्याच्या अंगापेक्षा मोठं असतं, ही एवढीशी गोष्ट मला कोणी शिकवली नव्हती. आयटीआयमध्ये नाही, कुठेच नाही. पुढे एका आर्किटेक्ट मॅडमने युरोपातला ईएन ११७६ हा नियम दाखवला : ८९ मिलिमीटर ते २३० मिलिमीटर यांच्यामधली बंद फट ठेवायची नाही. म्हणजे साडेतीन इंचांहून कमी, नाहीतर नऊ इंचांहून जास्त. माझे पाच इंच बरोबर फासाच्या मापात बसत होते. तेव्हापासून माझ्या खिशात सागाचा साडेतीन इंची ठोकळा असतो. कुठल्याही बागेत गेलो की फटींत घालून बघतो. वॉचमन वेड्यासारखे बघतात.

त्याच मॅडमने मला आल्डो व्हान आइक या डच माणसाबद्दल सांगितलं. महायुद्धानंतर, १९४७ पासून, त्याने अ‍ॅम्स्टरडॅममध्ये मोकळ्या, पडक्या जागांवर मुलांसाठी सातशेहून जास्त खेळाच्या जागा केल्या. वाळूचा हौद, त्याला रुंद सिमेंटचा काठ, दोनचार कोलांटीचे बार. बस. काठावर आया बसायच्या, त्याच काठावर पोरं वाळूच्या वड्या थापायची. मला तो काठ फार आवडला. मी हौसेने एका ठिकाणी तसा हौद केला. महिनाभरात मांजरांनी ताब्यात घेतला, सेक्रेटरीने ताडपत्री टाकली, पुढे त्यात कुंड्या ठेवल्या. रोज वाळू चाळायला माणूस लागतो हे मी एस्टिमेटमध्ये धरलंच नव्हतं.

त्यानंतर लोखंड गेलं आणि फायबर आलं. साच्यात जेलकोट, त्यावर काचेचं कापड आणि रेझिन. वाट्टेल तो आकार निघायला लागला, मशरूम, सुसर, किल्ला. खाली मुरूम होता तिथे रबराची जमीन आली : तळाला जुन्या टायरांचा काळा भुगा, वर ईपीडीएमचे रंगीत दाणे. पडायची उंची जितकी जास्त तितका थर जाड. गुडघे फुटायचे थांबले, हे खरं. पण सगळ्या बागा एका कॅटलॉगातून आल्यासारख्या दिसू लागल्या, आणि हातात घ्यायला काही उरलं नाही. रबर खणता येत नाही.

नेरूळच्या वंडर्स पार्कात नातीला घेऊन गेलो होतो. महापालिकेने सेक्टर १९ए मध्ये सुमारे ३० एकरांवर केलेलं, २०१२ च्या डिसेंबरात उघडलेलं, नंतर नूतनीकरण होऊन २०२३ मध्ये पुन्हा सुरू झालेलं पार्क. २००७ साली जगभरच्या मतदानातून ठरलेली नवी सात आश्चर्यं तिथे छोट्या रूपात आहेत. ताजमहाल, चीनची भिंत, पेट्रा, माचू पिच्चू, चिचेन इत्झा, कोलोसियम, रिओचा येशू. आम्ही मोठे एकेकापुढे उभे राहून फोटो काढत होतो. नात अडीच वर्षांची. तिला ताजमहाल हे आश्चर्य नव्हतंच, तिच्या उंचीवरून ती नुसती एक भिंत होती. तिला एक पायरी सापडली. चढली, उतरली. चढली, उतरली. मला बेलापूरची म्हातारी आठवली. टॉय ट्रेनमध्ये मात्र ती गप्प, माझ्या मांडीवर, दोन्ही हातांनी माझा अंगठा धरून.

सध्या माझ्याकडे एका पार्कचं काम आलंय. दोन ते पाच वयाचा भाग, खास 'थीम' हवी, समुद्रातलं जग. मालकाच्या मुलाने जे चित्र पाठवलं त्यात आठ फुटी ऑक्टोपस आहे. मी ऑक्टोपस ठेवला, पण झोपवला. त्याचे हात आता जमिनीवर पसरलेत, सर्वांत उंच जागा दीड फूट. हातांच्या मध्ये वाळू नाही, धुतलेले गोल गोटे, मुलाच्या तोंडात मावणार नाहीत एवढे मोठे. एका हाताची कड बसण्याजोगी रुंद, आजीच्या गुडघ्याला मानवेल इतकी उंच, वर जाळीचं छप्पर. पाण्याची एक तोटी, जी दाबून धरली तरच वाहते. फाटक एकच. फाटकाशी जोकर नाही, कमान आहे. तिची उंची मी दादांच्या मापाने धरली आहे, त्यांना वाकावं लागलं असतं इतकी.

परवा खडूने सगळा आराखडा गाळ्याच्या जमिनीवर खऱ्या मापात काढला आणि बायकोला नातीसकट बोलावलं. बायको कमानीच्या रेषेवरून वाकल्यासारखी आली, कडेच्या जागी बसली, म्हणाली, "इथून तोटी दिसणार नाही." खरंच दिसली नसती. तोटी चार फूट सरकवली. नातीने ऑक्टोपसकडे ढुंकून पाहिलं नाही. कोपऱ्यात दोन इंची पाइपचा बारा फुटांचा तुकडा आडवा पडला होता. तिने एका टोकाला तोंड लावून "आबा" म्हटलं. मी दुसऱ्या टोकाला कान लावायला गुडघ्यांवर बसलो. ती पुन्हा "आबा" म्हणाली, मग नुसतीच हसली, आणि ते हसू माझ्या कानात बारा फुटांवरून गरम होऊन आलं. मी हेल्परला हाक मारली आणि पाइपच्या दोन्ही कडांना ग्राइंडर मारून घेतला.