टॉवर नसतानाचं नेटवर्क: किल्लारी, १९९३

कॅम्पिंगला निघालो की पहिला प्रश्न, तिथं रेंज येते का? आता ३० सप्टेंबर १९९३ आठवा. गणपती विसर्जन करून लोक झोपलेले. पहाटे ३:५६ ला किल्लारी हादरली. लातूर-उस्मानाबादमध्ये जवळपास १०,००० माणसं गेली. वाचलेली उघड्यावर आली. मोबाइल नव्हता, सामान्यांसाठी इंटरनेट १९९५ साली आलं. तेव्हा निरोप पोचवायला हॅम रेडिओवाले धावले. गाडीची बॅटरी, एक सेट, उंच ताणलेली तार, एवढ्यावर हॅम चालतो. त्याच्या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून खाली वळतात, मध्ये टॉवर लागत नाही. आपला फोन मात्र टॉवर, केबल आणि वीज या तिन्हींवर जगतो. म्हणून तंबू ठोकण्याआधी मॅप डाउनलोड करा, पॉवर बँक भरा आणि घरी ठिकाण सांगून निघा.