रायपूरचा मुक्काम

नागपूरकर भोसल्यांच्या अमलात छत्तीसगडच्या रयतेवर आणि जमीनदारांवर जे कर बसले, त्यांत टकोली, सायर, कलाली, पंढरी आणि सेवाई अशी पाच नावे येतात. टकोली जमीनदारांची, सायर मालाच्या आवकजावकीची, कलाली मद्याची, पंढरी शेती न करणाऱ्यांच्या घरांची, आणि उरलेसुरले ते सेवाईचे. यांतील पंढरी म्हणजे विठोबाची नव्हे; आपण गावाची काळी आणि पांढरी म्हणतो त्यातली, म्हणजे वस्तीच्या जागेची. आज रायपुरात कापडाचा जो मोठा बाजार आहे, त्याचेही नाव पंडरी असावे, हे मराठी कानाला ऐकून सोडून देता येत नाही. ते असो. या यादीत घर आहे, दारू आहे, बैलावरचे ओझे आहे. वाटसरूच्या ताटाला मात्र त्यात नाव नाही, आणि याचे कारण, मला वाटते, सरकारच्या औदार्यापेक्षा लोकरीतीत अधिक आहे. शिजलेला भात ही विकायची चीज आहे, असे या भाताच्या मुलुखात पुष्कळ काळ कोणी मानलेच नाही.

1741 मध्ये भोसल्यांचे सेनापती भास्करपंत कोल्हटकर बंगालच्या स्वारीवर जाताना रतनपूर घेऊन पुढे गेले. 1758 पासून रघुजी भोसल्यांचे पुत्र बिंबाजी तेथे प्रत्यक्ष नांदू लागले, आणि 1787 मध्ये त्यांचा काळ होईपर्यंत सत्तेचे आसन रतनपूरच राहिले. मोडी लिपी आणि दसऱ्याला सोने लुटण्याची चाल त्यांच्याबरोबर इकडे आल्याचे सांगतात. रायपूर हे त्या काळी दुय्यम, परंतु पैशाने भरलेले गाव होते. 1795 मध्ये कॅप्टन ब्लंट नावाचा इंग्रज अधिकारी या वाटेने गेला, तेव्हा त्याने येथील झोपड्या अजमासे तीन हजार मोजल्या, किल्ल्याच्या भिंती ढासळलेल्या आणि खंदक मात्र खोल व रुंद असल्याची नोंद केली. बंजाऱ्यांचे तांडे समुद्रकाठचे मीठ बैलांवर घालून आणीत आणि परतताना येथील धान्य नेत. अशा तांड्याला धर्मशाळा कशाला हवी? गोण्यांची उतरंड हीच त्याची भिंत, तळ्याचा काठ हेच अंगण. रायपुरात तळी उदंड. बुढा तालाब आणि महाराजबंध ही नावे अद्याप सर्वांच्या तोंडी आहेत. जेथे पाणी तेथे मुक्काम, एवढाच पांथस्थाचा कायदा होता.

ज्याच्यापाशी तांडा नव्हता, त्याला मठ होता. महाराजबंधाच्या काठचा दूधाधारी मठ सतराव्या शतकातला. त्याचे आद्य महंत बलभद्रदास केवळ दुधावर राहत, म्हणून मठाला हे नाव पडले. गुरू दुधावर राहिला, तरी वैष्णव मठाच्या रिवाजाने दाराशी आलेला साधू उपाशी जाऊ नये, हे ओघानेच आले. मठाला गावे लागलेली असत, गावांचा तांदूळ कोठारात येई आणि कोठारातून शिधा बाहेर पडे. या व्यवस्थेत पैशाला स्थान नव्हते, पण जातीला होते. सदावर्ताच्या पंगतीत कोण कोठे बसणार आणि विहिरीवर कोणाचा पोहरा चालणार, हे ठरलेले असे. गांधीजी नोव्हेंबर 1933 मध्ये हरिजन दौऱ्यावर रायपुरास आले असता जैतूसाव मठाच्या विहिरीवर त्यांनी एका अस्पृश्य मुलीच्या हातून पाणी काढवून घेतले व प्याले, असे रायपूरकर सांगतात. अशी गोष्ट सांगावी लागते, यातच त्या पाहुणचाराची हद्द दिसून येते.

राजधानीचा मान रायपूरला मराठ्यांनी नव्हे, इंग्रजांनी दिला. 1818 मध्ये अॅग्न्यू या इंग्रज अधिकाऱ्याने रतनपुराहून मुख्य कचेरी येथे हलविली. 1830 ते 1854 या काळात मुलूख पुन्हा भोसल्यांकडे गेला तरी त्यांचे जिल्हेदार रायपुरासच बसले, आणि नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर डेप्युटी कमिशनरही तेथेच आला. कचेरी आली म्हणजे पक्षकार येतो, मोहरीर येतो, वकील येतो, आणि त्यांपैकी प्रत्येकाला रात्री कोठेतरी अंग टाकावे लागते. जो तो आपल्या माणसाकडे उतरे. मराठी माणूस तात्यापाऱ्यात, बंगाली बाबू बुढापाऱ्यात. येथे पारा म्हणजे आळी. 1877 मध्ये विश्वनाथ दत्त नावाचे कलकत्त्याचे वकील कामानिमित्त येथे राहिले होते, आणि त्यांचे कुटुंब नागपूरपर्यंत आगगाडीने व पुढे पंधरवड्याहून अधिक दिवस बैलगाडीने त्यांच्याकडे आले. त्या गाडीतला चौदा वर्षांचा मुलगा नरेंद्र, पुढचे स्वामी विवेकानंद. बुढापाऱ्यातील मुक्कामात वडिलांनी त्याला स्वयंपाक शिकविला, असे चरित्रकार लिहितात. परक्या गावी चवीचे खायचे तर स्वतः चूल पेटवावी, हा तेव्हाचा सर्वांत सोपा उपाय होता.

बंगाल-नागपूर रेल्वेचे रूळ 1888 च्या सुमारास येथे पोचले, 1900 मध्ये धमतरीची छोटी गाडीही सुरू झाली, आणि पंधरवड्याची वाट एका रात्रीवर आली. खरे पाहता खानावळीचा इतिहास येथून सुरू होतो. आगगाडी माणसाला अशा वेळी उतरविते की त्या वेळी कोणाच्या घरची कडी वाजविता येत नाही. तेव्हा स्टेशन आणि फाफाडीह यांच्या आसपास पैसे देऊन निजण्याची आणि जेवण्याची सोय व्हावी, हे क्रमप्राप्तच होते. तरीही घरंदाज पाहुणा बाजारात जेवीत नसे. माधवराव सप्रे यांच्यासारखा मराठी घरचा माणूस 1900 मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगड मित्र’ काढतो, टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणतो आणि 1926 मध्ये रायपुरातच देह ठेवतो. अशा माणसाकडे येणाऱ्याजाणाऱ्यांची पाने कोठे मांडली जात असतील, हे विचारावे लागत नाही.

पिण्याविषयी थोडक्यात आटोपतो, कारण हा विषय पुस्तकांत कमी आणि रानात अधिक आहे. उन्हाळ्याच्या तोंडी पहाटे मोहाखाली गळलेली फुले वेचायची, वाळवायची, भिजवून आंबवायची आणि मातीच्या भांड्यात उकळून वाफ गाळायची. विदर्भातल्या वाचकाला ही कृती नवी नाही. भोसल्यांनी तिच्यावर कलाली बसविली, इंग्रजांनी आबकारीचा मक्ता दिला. नाव बदलले, भट्टीवरची नजर तीच राहिली.

1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगड राज्य झाले, रायपूर पुन्हा राजधानी झाले, आणि पाहुणे पुन्हा घर सजण्याआधी येऊन उभे राहिले. विधानसभेची पहिली बैठक राजकुमार कॉलेजच्या जशपूर हॉलमध्ये भरली. मंत्रालय दाऊ कल्याणसिंग यांच्या नावाच्या रुग्णालयाच्या इमारतीत थाटले गेले, आणि नव्या रायपुरातील महानदी भवनात जाण्यास त्याला 2012 उजाडले. ज्या खोल्यांत खाटा होत्या, तेथे फायली आल्या. आता तारांकित हॉटेले झाली आहेत, कॉफी हाऊस आहेत, सर्व काही आहे. त्यांच्या पाट्या वाचून कोणीही आपली सोय लावून घेईल, त्यासाठी माझी गरज नाही.

मला त्याहून उत्तरेकडे, बिलासपूरच्या वाटेवर लागणाऱ्या बीरगावाकडे बोट दाखवायचे आहे. रतनपूरकडून येणारा माणूस राजधानीत शिरतो तो याच बाजूने. शेजारी उरला, पुढे सिलतरा. लोखंड-पोलादाचे कारखाने, आणि त्यांत बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेशापासून आसपासच्या खेड्यांपर्यंतचे मजूर. एका भाड्याच्या खोलीत चार-चारांनी राहायचे, पाळ्यांनी कामावर जायचे आणि पाळ्यांनीच निजायचे. ब्लंटच्या वेळच्या तांड्याशी नाते सांगावे असा राजधानीतला मुक्काम मला हाच दिसतो. जवळच्या खेड्यातून आलेल्याच्या डब्यात बासी असते. सकाळचा भात पाण्यात बुडवून संध्याकाळी खाल्ला तर बोरे, रात्रीचा सकाळी खाल्ला तर बासी. वर मीठ, कांदा, हिरवी मिरची, टोमॅटोची चटणी आणि मिळाली तर चेचची पालेभाजी. भात फडक्यात पिळून घेत नाहीत; पाण्यासकट कालवतात आणि शेवटचे आंबूस पाणी भांडे तोंडाला लावून पितात. मे महिन्यातल्या भट्टीच्या धगीपुढे उभे राहणाऱ्याला यापरते पेय नाही. 1 मे 2022 रोजी, कामगारदिनी, तत्कालीन मुख्यमंत्री भूपेश बघेल यांनी सर्वांनी बोरे-बासी खावी असे आवाहन केले, आणि ज्या अन्नाला शहराने शिळे म्हणून नाक मुरडले होते, ते बड्या अंमलदारांच्या ताटात छायाचित्रासाठी आले.

रायपुरास जाल तर हॉटेलात खुशाल उतरा. बासी मात्र कोणाच्या तरी घरी, सकाळी आठच्या आत, मागून खा.