गळाची काठी, नीरेचा काठ आणि माशांची नावे

विषय ऐकून काहींना हसू आले असेल. तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस आणि बोलणार कशावर, तर नदीकाठी बसून गळाने मासे धरण्यावर आणि घरी आणून त्याचे कालवण करण्यावर! पण आम्हाला वाटते, नदीचा इतिहास धरणांच्या आणि कालव्यांच्या कागदांत जेवढा सापडतो, तेवढाच तो गळाला काय लागते आणि तव्यावर काय पडते यातही सापडतो. आज त्या बाजूने जाऊ.

आमची सांगवी बारामती-फलटण रस्त्यावर, नीरेच्या डाव्या काठाला. नदी ओलांडली की सातारा जिल्हा. इथे मासे धरणारे दोन प्रकारचे. एक भोई, त्यांचे पोट त्यावर. जाळे त्यांचे, होडी त्यांची, धंदा त्यांचा. दुसरे आम्हा शेतकऱ्या-मास्तरांच्या घरातले रिकामटेकडे, म्हणजे सुट्टीतली पोरे आणि पेन्शनीतली म्हातारी. बांबूची काठी, तिला तंगूस, त्यावर ज्वारीच्या धाटाचा तुकडा तरंगायला, खाली बारका गळ आणि डब्यात चिखलासकट गांडुळे. वाम धरायची तर गांडूळच हवे आणि अंधार पडायला हवा. मरळीला जिवंत बेडकी लावायची. बाकी माशांना कणकेची गोळी किंवा पेंड. एवढे शास्त्र पुरते. या दुसऱ्या प्रकाराची, म्हणजे हौसेची, कुठे नोंद नाही असे आपण धरून चालतो. ते खरे नाही. नोंद आहे, आणि ती नऊशे वर्षांची जुनी आहे.

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, बिदर जिल्ह्यातले. त्याने ११३०च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. पाच भाग, प्रत्येकात वीस अध्याय, म्हणून त्यांना विंशती म्हणतात. राज्य कसे मिळवावे इथपासून हत्ती, घोडे, चित्रकला, गाणे, जेवण असे सगळे त्यात आहे. गंमत म्हणजे मराठीच्या अगदी जुन्या पद्यांचा नमुनाही याच ग्रंथात मिळतो. ती दशावतारांची स्तुती आहे आणि पहिला अवतार अर्थातच मत्स्याचा. पण आपल्याला हवा तो अध्याय 'मत्स्यविनोद'. राजाने करमणूक म्हणून गळाने मासे कसे धरावेत, याचा हा अध्याय. समुद्रातले मासे कोणते, नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, कुणाला काय खायला घालून एका जागी सवय लावावी, हे सगळे त्यात येते. कुणाला तिळाच्या पेंडीचे गोळे, कुणाला हरभऱ्याच्या पिठाचे, कुणाला शिजवलेले मांस. नीरेच्या बंधाऱ्यावर आजही पेंडीचा गोळा टाकून तास-दीड तास गप्प बसणारा माणूस दिसतो. त्याने सोमेश्वराचे नाव ऐकलेले नसते, पण पेंड तीच आहे. भारतीय प्राणिसर्वेक्षणाचे संचालक असलेले सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या अध्यायावर लेख लिहून त्यातले मासे ओळखण्याचा प्रयत्न केला, तेव्हा कुठे आधुनिक अभ्यासकांचे तिकडे लक्ष गेले.

आता आमच्या विषयाच्या अंगाने एक बारीक गोष्ट बघा. सोमेश्वर मासे धरण्याची गोष्ट 'विनोदा'च्या विंशतीत सांगतो आणि मासे शिजवण्याची 'उपभोगा'च्या विंशतीत, अन्नभोगाच्या अध्यायात. मधे भिंत. राजा गळ धरतो, राजा जेवतो. पण मासा हातात घेऊन खवले काढणारा माणूस त्या दोन अध्यायांच्या मधल्या जागेत नाहीसा होतो. आमच्या गावातली हौस या बाबतीत अगदी राजेशाही होती हो! पुरुषमाणसाने नदीवरून मासे आणायचे, ओसरीवर टाकायचे आणि हातपाय धुऊन गप्पा मारत बसायचे. पुढचे काम बाईचे. वाम आणि मरळ बुळबुळीत, म्हणून चुलीतली राख चोळून धरायची. शिंगाळ्याचा काटा लागला तर हात दोन दिवस ठणकायचा. कितीतरी घरांत माळकरी मंडळी, त्यामुळे चूल घराबाहेर तीन दगडांची, तवा आणि पातेले निराळे, आणि ते परत घरात येण्याआधी पुन्हा राखेने घासलेले. हौस एकाची आणि राख दुसरीच्या हाताला. जो आपला मासा आपण साफ करत नाही, त्याला आम्ही अर्धाच हौशी मानतो. हे आमचे मत आहे, घरी कुणी मान्य करत नाही.

पण त्या मधल्या जागेत ज्ञान फार होते. मासा ओळखायचा तो बाईने काट्यांवरून. वामीला आणि मरळीला बारीक काटे कमी, म्हणून ती लहान मुलांच्या ताटात. आजारातून उठलेल्याला मरळीचा रस्सा. काटेरी मासा असेल तर तो कडक तळायचा म्हणजे बारीक काटे कुरकुरीत होऊन चावता येतात. कालवणाला कांदा आणि सुके खोबरे भाजून वाटायचे, लसूण सढळ, घरचा काळा मसाला आणि आंबटाला चिंच. कोकणात कोकम, आमच्याकडे चिंच. सोमेश्वराच्या स्वयंपाकघरातही माशाचे तुकडे धुऊन चिंचेच्या रसात शिजवत. दख्खनच्या माशाला चिंच लागते, हे राजापासून तीन दगडांच्या चुलीपर्यंत सगळ्यांना माहीत होते. तळायचा मासा हळद, मीठ, तिखट लावून ज्वारीच्या पिठात घोळवायचा. रवा फार पुढे आला. आणि सोबत भाकरी. भात पाहुणे आले तर.

आता दुसरी नोंद, साहेबाची. कर्नल विल्यम हेन्री सायक्स. १८१७च्या खडकीच्या लढाईत होता. पुढे १८२४ साली मुंबई सरकारने त्याला दख्खनची आकडेवारी गोळा करायला नेमले. हा माणूस जनावरे, पक्षी, पिके, सगळे टिपत हिंडला. दख्खनच्या माशांवरचे त्याचे काम १८३९ आणि १८४१ साली लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीच्या प्रकाशनांत आले. भीमा, मुळा-मुठा अशा आपल्याच नद्यांतले मासे. त्याने केले काय, तर मासेमाऱ्यांच्या तोंडचा शब्द उचलला आणि त्यालाच लॅटिनचा सदरा घातला. खुदरी माशाचे नाव आज जगभर टोर खुद्री. कोळस झाला हिप्सेलोबार्बस कोलस. घोगरा झाला रिटा गोगरा. शिंगाळा झाला स्पेराटा सिंघाला. मल्या झाला गारा मल्या. रोहटीवर तर एक अख्खी प्रजातच बसवली, 'रोहटी'. त्यातल्या एका माशाला सोसायटीचे सचिव ऑगिल्बी यांचे नाव दिले आणि दुसऱ्याला व्हिगर्स यांचे. हा दुसरा भीमेवर पैरगावला मिळाल्याचे तो लिहितो. ते श्रीगोंद्याकडचे पेडगाव असावे. साहेबांची नावे आली, सोसायटीच्या सभासदांची आली. मासा धरून ज्याने 'ही रोहटी' म्हणून सांगितले, त्या भोयाचे नाव मात्र कुठे नाही. त्याचा शब्द तेवढा राहिला.

यावर आम्ही वर्गात पुष्कळ बोलत असू. नाव देणे म्हणजे ओळखणे की मालकी सांगणे? सायक्सच्या बाबतीत उत्तर सोपे नाही. त्याने बोली शब्द फेकून दिले असते तर आज आपल्याकडे काहीच उरले नसते. त्याच्या यादीतले कितीतरी शब्द आमच्या गावच्या तरुण पोरांना आता सांगता येत नाहीत. ते लॅटिन नावांत जपून ठेवलेले सापडतात.

साहेबांची हौस पुढे वाढली. मद्रास इलाख्यातला हेन्री सुलिव्हन थॉमस याचे 'द रॉड इन इंडिया' १८७३ साली आले आणि महसीर हा गळवाल्या साहेबांचा मानाचा मासा ठरला. याच साहेबी वर्तुळात ओरड सुरू झाली की नद्यांत विष घालून आणि स्फोट करून मासे मारले जातात. १८९७च्या भारतीय मत्स्य कायद्याने या दोन्ही गोष्टींना बंदी केली. आपला खुदरी हाही महसीरच. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोणावळ्याच्या टाटांच्या तलावांवर खुदरीची कृत्रिम पैदास सुरू झाली, डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांच्यासारखे जाणकार त्यात होते, आणि तिथली पिल्ले देशभर गेली. कावेरीत गेली तीही गळवाल्यांच्या हौसेसाठी, आणि तिथल्या मूळच्या पाठीला कुबड असलेल्या महसीरच्या जागेत खुदरी पसरला. तो कुबडवाला महसीर आज नामशेष होण्याच्या काठावर आहे. म्हणजे मुळा-मुठेच्या माशाने कावेरीत जाऊन पाहुणा घरमालक झाल्यासारखे केले. इथे आपल्याकडे मात्र याच्या उलटे घडले.

ते कसे, ते पाहू. नीरेचा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला, भाटघरचे धरण त्याच्या पाठीशी उभे राहिले. बारामती-इंदापूरला ऊस आला, पैसा आला. कालव्याबद्दल तक्रार करणे आम्हाला शोभणार नाही, आमच्या पिढीचे शिक्षण त्या पाण्यावर झाले. पण माशाच्या बाजूने बघा. देशी मासे पावसाच्या पहिल्या लोंढ्याला उलट्या दिशेने वर चढतात आणि वरच्या उथळ पाण्यात अंडी टाकतात. चढणीचे मासे म्हणतात ते हेच. बंधारा आडवा आला की चढण संपली. आणि आपलाही हात त्यात आहेच. श्रावणात मासे न खाण्याचा नेम कडकपणे पाळणारा माणूस मृगात चढणीचे, अंड्याने भरलेले मासे पोत्याने आणायचा! सम्राट अशोकाने पाचव्या स्तंभलेखात चातुर्मासीच्या पौर्णिमा आणि इतर ठरावीक दिवशी मासा मारू नये, विकू नये अशी आज्ञा कोरली होती. आम्ही नेम ठेवला, महिना चुकवला.

नीरा पुढे नरसिंगपूरला भीमेला मिळते. त्या संगमाच्या वरच्या अंगाला, भीमेवर, १९८० साली उजनी धरण पुरे झाले. इंदापूर तालुक्यातली गावे पाण्यात गेली. पळसदेवचे जुने देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरले की वर येते. त्या साचलेल्या, न वाहणाऱ्या पाण्यात एक मासा सुखाने वाढला. चिलापी. मूळचा आफ्रिकेचा, १९५२ साली भारतात आणला. याला ना चढण लागते ना लोंढा. मादी अंडी तोंडात धरून उबवते, वर्षातून अनेकदा. शिवाय याला मांसातले बारीक काटे जवळजवळ नाहीत. म्हणजे पोरांच्या ताटात वामीची जागा घ्यायला अगदी तयार! भिगवणच्या हॉटेलांत पुण्या-मुंबईची माणसे गाड्या थांबवून जी खातात, त्यात चिलापी मोठी. उजनीच्या काठावर गळ टाकून बसलेल्या हौशी माणसाच्या पिशवीतही तीच. धरणाने नदीचे तळे केले आणि बिनकाट्याच्या माशाने स्वयंपाकघर जिंकले. या दोन गोष्टी एकत्र पाहिल्याशिवाय चिलापीचे राज्य समजत नाही.

आणि नाव? अँड्र्यू स्मिथ नावाच्या स्कॉटिश प्राणिशास्त्रज्ञाने १८४० साली दक्षिण आफ्रिकेतल्या त्स्वाना लोकांचा मासा या अर्थाचा शब्द घेतला, त्याचे लॅटिन रूप केले टिलापिया, आणि भिगवणच्या काठावर त्याची झाली चिलापी. म्हणजे सायक्स भीमेवर जे करत होता, तेच त्याच काळात हा स्मिथ तिकडे करत होता. तिकडच्या मासेमाऱ्यांचा शब्द आमच्या भोयांच्या तोंडी बसला आणि आमच्या भोयांचे शब्द लॅटिन यादीत जाऊन बसले.

सांगवीच्या नीरेवर तर आता चिलापीचीही खात्री नाही. गेल्या काही वर्षांत नदीचे पाणी काळे पडल्याच्या आणि मासे मरून तरंगल्याच्या बातम्या या भागातून पुन्हा पुन्हा आल्या. सांडपाण्यातला मैला-मळी कुजताना पाण्यातला प्राणवायू खातो. पहाटे तो सगळ्यात कमी असतो, म्हणून मासे पहाटे तोंड वर काढून धापा टाकतात. हे पहिल्यांदा दिसते कुणाला? कागदावर नमुने तपासणाऱ्याला नाही. पहाटे काठी घेऊन आलेल्याला आणि जाळे सोडायला आलेल्या भोयाला. फरक एवढाच की हौशी माणूस त्या दिवशी काठी गुंडाळून उजनीला जातो किंवा बाजारातून समुद्राचा पापलेट आणतो. भोयाला दुसरी नदी नसते. आम्ही 'विनोद' आणि 'पोट' असा फरक सुरुवातीला केला, तो या सकाळी सगळ्यात स्पष्ट दिसतो.

मागे या व्याख्यानासाठी आम्ही काठावरच्या एका वयस्क भोयाला माशांची नावे विचारली. आम्ही लिहीत होतो, ते सांगत होते. रोहटी, मल्या, कोळस, घोगऱ्या, आळकूट, वाम, मरळ. त्यांचा नातू शेजारी उभा होता. त्याने विचारले, "आबा, आळकूट कसा असतो?" आबांनी हाताने करंगळीएवढे माप दाखवले, म्हणाले, चांदीसारखा, झुंडीने फिरायचा, तळून अख्खा खायचा. मग ते पाण्याकडे बघत थोडा वेळ थांबले आणि पुढचे नाव सांगू लागले.